मामांच्या नावावरच्या रात्री

“नागपूरले कोन चाललं रे? कोनी तं चाललंच असल! आख्ख्या सेक्टरातून एक मानूस नागपूरले जात नाही? लाज नाही वाटत?”

रविवारची सकाळ. लुंगी-बनियनवर मामा क्वार्टरच्या गच्चीवर उभे, एक हात पाण्याच्या टाकीला, दुसरा आभाळाकडे. आमच्या भिलाईत कारखान्याचा भोंगा होताच. पण मामा टाकीपाशी गेले की भोंगा लाजून अर्ध्यात थांबायचा, हे सेक्टरातला कुणीही शपथेवर सांगेल.

खालून मी म्हणालो, “मामा, मी चाललो. साडूकडे बारसं आहे.”

“साडूकडे झोपशील?” मामांचा आवाज एकदम कळवळला. “कावून? ढेकनं आहेत त्याच्या घरी.”

“तुम्ही कधी गेला होता त्याच्या घरी?”

“ढेकनं असाले मी जाची गरज नाही न बापा! हॉटेलात झोप. माहं कार्ड घेऊन जाय, माहं नाव सांग. झोप तुही, रात्र माही.”

झोप तुझी, रात्र माझी. या वाक्यानं आमच्या सेक्टराचं एक वर्ष खाल्लं.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला परक्या गावातही कुणी परकं मानत नाही. मामा, म्हणजे सख्खे कुणाचेच नाहीत पण आख्ख्या सेक्टराचे मामा, त्यांचे बादशहा. कारखान्यात माल यायच्या आधी तो जागेवर जाऊन तपासायचा, ही त्यांची नोकरी. त्यामुळे महिन्यातला अर्धा काळ दौऱ्यावर. तुम्ही-आम्ही हॉटेलात उतरतो. मामा हॉटेलात रुजायचे. नागपूरला स्टेशनजवळ त्यांचं एक ठरलेलं हॉटेल होतं. शेजारी नवं, झकपक, स्वस्त हॉटेल निघालं तरी मामा तिकडे मान वळवायचे नाहीत. म्हणायचे, “दहा देवळं हिंडनाऱ्याले कोनताच पुजारी वळखत नाही. एकाच पायरीवर बसा, मंग पहा, प्रसादाचं ताटच उचलून देते तो.”

त्यांचं शास्त्र पक्कं होतं. पहिलं, जाताना मामींच्या हातचा चिवडा काउंटरवाल्यासाठी न्यायचा. दुसरं, चांगली खोली कधी मागायची नाही. “मागच्या वारीची खोली द्या” म्हणायचं. मागची वारी झालीच नसली तरी. तिसरं, पहिली तक्रार लहान करायची. “बल्ब बदलवून मागाचा. हासून मागाचा. मंग मोठ्या तक्रारीले वजन येते.” या शास्त्राच्या जोरावर मामांना कोपऱ्यातली हवेशीर खोली, दोन उशा आणि नळाला पाणी नसेल तेव्हा बादलीभर गरम पाणी मिळायचं. मामा येणार असले की वेटर आधी स्वतः गादीवर लोळून स्प्रिंगा तपासतो, असंही ते सांगत. आम्ही मानत होतो. मामांवर अविश्वास दाखवायला जेवढा दम लागतो तेवढा कुणाकडे नव्हता.

पुढे हॉटेलच्या शेठचा मुलगा परदेशात हॉटेल चालवायचं शिकून आला आणि त्यानं कार्डं काढली. जितक्या रात्री राहाल तितका मान वाढेल. आधी चांदी, मग सोनं, मग हिरा. आणि हिरावाल्याला वर्षातून एकदा वरचा आख्खा मजला, एसीसकट, एक दिवस आणि एक रात्र फुकट! मामांनी चांदीचं कार्ड आणलं तेव्हा मामींनी ते देवापुढे ठेवलं. आरती झाल्यावर मामांनी काढून खिशात घातलं, म्हणाले, “देवाले लागत नाही. त्याची खोली सगळीकडे ठरलेलीच आहे.”

आणि नेमकं तेव्हाच कारखान्यानं मामांचे दौरे बंद करून त्यांना ऑफिसात टेबलापाशी बसवलं. त्याच महिन्यात मुलीचं लग्नही जमलं. मुलगा अकोल्याचा, सालस. मुलाचे वडील रेल्वेत तिकीट तपासनीस. माणूस असा की त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं लोकांचे हात खिशात जायचे. देण्याघेण्याचं विचारलं तर म्हणाले, “आमाले काही नाही पायजे. जानोसा तेवढा चांगला ठेवा.”

जानोसा म्हणजे वऱ्हाडाची उतरायची जागा. आमच्याकडे हुंड्याचं भांडण मिटतं. जानोशाचं तीन पिढ्या चालतं. कुणाच्या काकाला लग्नात गादीऐवजी सतरंजी मिळाली होती, यावरून आजही दोन घरांत येणं-जाणं नाही. अकोला आणि भिलाईच्या मधलं म्हणून लग्न नागपूरला ठरलं, आणि मामा भर बैठकीत बोलून बसले, “हॉटेलचा आख्खा मजला देतो. एसी!”

मामींच्या हातातली पोह्याची बशी तिरपी झाली. पाहुणे गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “कुठून?”

“हिरा,” मामा म्हणाले.

खिशात चांदी होती. लग्न पुढच्या हिवाळ्यात होतं. मुलीचं सासरी पहिलं पाऊल त्या मजल्यावर अवलंबून होतं.

म्हणून ती गच्ची, तो टाहो. सेक्टरात कुणाचा दात दुखला की मामा नागपूरचा दातवाला सुचवायचे. कुणाला चष्मा हवा, चला नागपूर. नेहरू नगरच्या एका मास्तरांना काही म्हणजे काही काम नव्हतं. मामांनी त्यांना “हवापालट” म्हणून पाठवलं. रायपूरला निघालेल्या एकाला तर वाटेतल्या कुम्हारीत बसमधून उतरवून उलट्या दिशेच्या बसमध्ये बसवलं! सगळे जायचे, मामांचं नाव सांगायचे, मामांच्या नावानं झोपायचे. सूट मिळायची, मामांच्या रात्री वाढायच्या. मी स्वतः इतक्यांदा मामा झालो, की घरी बायकोनं हाक मारली तर ओ द्यायला वेळ लागायचा.

मशीन शॉपमधले सरदारजी मामा होऊन गेले तेव्हा काउंटरवरचा नवा माणूस जरा घुटमळला.

“साब, इस बार दाढ़ी रख ली?”

“ठंड है जी,” सरदारजी म्हणाले. नागपूरचा मे महिना होता.

दिवाळीच्या सुमारास हिरा आला. मामांनी गच्चीवरून तो उन्हात असा फिरवला की दुर्गपर्यंत चकाकी गेली असणार. सेक्टरानं पेढे खाल्ले. त्या आनंदात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. वर्षभर सगळे नागपूरला जाऊन आले होते. मामा सोडून.

लग्नाची सकाळ. वऱ्हाड अकोल्याहून उतरलं. पुढे व्याही, गुलाबी फेट्यात. मागे ट्रंका, वळकट्या, आत्याबाया. कोशाच्या रेशमाचा झब्बा घातलेले मामा रुबाबात काउंटरवर गेले आणि हिरा ठेवला. मामांना ओळखणारी जुनी माणसं केव्हाच सोडून गेली होती. त्या नव्या माणसानं कार्ड पाहिलं, मामांना पाहिलं.

“ये कार्ड आपको कहाँ मिला?”

“कहाँ मिला म्हंजे? मेरा है!”

“उन साब को मैं अच्छे से जानता हूँ. आप वो नहीं हैं.”

मामांचा आवाज, ज्यानं भोंगा थांबायचा, तो कुठे गेला कोण जाणे. मागे वऱ्हाड ट्रंकांवर टेकायला लागलं होतं. एक आत्या मोठ्यानं म्हणाली, “जागा नाही वाटते.”

तेवढ्यात हारांची टोपली घेऊन मी शिरलो. काउंटरवाल्याचा चेहरा फुलला. “आइए साब! देखिए, ये आदमी आपके नाम से...” तेवढ्यात बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सरदारजी आले. काउंटरवाल्याचा हात हवेतच राहिला. “साब... आप भी?” मागून केरळचे फोरमन, त्यांच्या मागून हवापालटवाले मास्तर. जो आत येई त्याला तो अर्धा नमस्कार करी आणि उरलेला अर्धा परत घेई.

व्याही पुढे झाले. या माणसानं दुसऱ्याच्या पासावर बसलेल्यांना गाडीतून उतरवण्यात जन्म घालवला होता. त्यांना सांगावं काय?

“पास कोनाचा?” त्यांनी विचारलं.

“माहा,” मामा म्हणाले. एवढ्या बारीक आवाजात मामा बोलू शकतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

“झोपलं कोन?”

मामांनी आमच्याकडे बोट केलं.

“हे कोन लागते तुमचे?”

मामींनी डोळे मिटले. बर्फाचं पाणी सरदारजींच्या कोपरावरून टपटपत होतं. तेच आधी बोलले, “भांजा हूँ जी.”

“भाचा,” मी म्हणालो.

“भांजा,” फोरमन.

“भाचाच,” मास्तर. ते मामांपेक्षा वयानं मोठे होते. आणि मागून, जो मामांच्या नावावर एकदाही झोपला नव्हता असा एक जण ओरडला, “मी बी भाचा!”

व्याह्यांनी एकेकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी उगाच खिसा चाचपला.

“रेल्वेत भाचा पासात बसत नाही,” ते म्हणाले. मग काउंटरकडे वळले आणि खाकरले. “पन ही रेल्वे नोहे. चावी काढ.”

त्या खाकरण्यानं मजल्याच्या किल्ल्या आपोआप टेबलावर आल्या. गलका ऐकून शेठचा मुलगा बाहेर आला, त्याला सगळं समजलं. त्यानं आमच्या रांगेवरून नजर फिरवली. वर्षभर आपलं हॉटेल कुणी भरलं ते त्याला उमगलं असावं, कारण तो पोट धरून हसला. मजला दिला. कार्ड मात्र ठेवून घेतलं.

लग्न थाटात झालं. जेवणं, पंगती, मांडवातच रंगलेले पत्ते आणि आत्याबायांची गाणी. पहाट कधी झाली कळलं नाही. सकाळच्या गाडीनं वऱ्हाड निघालं.

पुढे भिलाई राज्य बदलून छत्तीसगडात गेली, ते बघायला मामा नव्हते. गच्चीवर टाकी आहे, ओरडणारं कुणी नाही. पण मला ते आठवतात ते नागपूरच्या फलाटावरचे. मुलगी खिडकीत बसलेली. तिच्याकडे बघवत नाही म्हणून शेजारच्या खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून व्याह्यांशी बोलणारे मामा. गाडी हलली तसे ते बरोबर चालायला लागले.

“जानोसा कसा वाटला मंग? सांगा न! एसी बरोबर होता?”

व्याह्यांनी जांभई दिली.

“आमी वर कुठी गेलो? सामान ठेवलं होतं तिथं.”