शेजारच्या घराची वाफ

दुपारचं जेवण झालं की वर्लिन स्कोगस्टॅड तळघरात आपल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसे. वरून त्याची बायको लव्होन म्हणे, "निघाली स्वारी भेटीला."

भेट पंपाची. तळघराच्या कोपऱ्यात जमिनीत एक गोल खड्डा होता, घागर सहज बुडेल एवढा. घराखाली झिरपणारं पाणी त्यात जमायचं. ते चढलं की त्यावर तरंगणारा फ्लोट वर यायचा, पंप गुरगुरायचा, पाणी पाइपातून भिंतीबाहेर जायचं आणि शेवटी झडप धप्पकन मिटायची. मग पुन्हा सगळं शांत.

त्या शांततेत वर्लिनचा डोळा लागे आणि सरोवर येई. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या या नॉर्डाल गावातल्या प्रत्येक मुलाला शाळेत शिकवतात की हजारो वर्षांपूर्वी बर्फाचे डोंगर वितळले, तेव्हा हा सगळा सपाट मुलूख एका अफाट सरोवराखाली होता. पुढे ते आटलं आणि रेड नदी तेवढी मागे राहिली. वर्लिनला हे कधी पुरतं पटलं नव्हतं. सरोवर आटलेलं नाही, ते खाली जाऊन पडलंय, असं त्याचं मत होतं. अर्धवट झोपेत त्याला धान्याच्या उंच कोठारावरून मासे जाताना दिसत. चर्चचा मनोरा शेवाळाने हिरवा झालेला असे. आपलं घर म्हणजे तळाशी लागलेली होडी आहे, आणि पंप तिच्यातलं पाणी उपसतोय.

बीटापासून साखर करणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं त्याने बीट धुण्याच्या पाण्याचे पंप सांभाळले होते. निवृत्तीनंतर त्याच्या वाट्याला एकच पंप उरला. लव्होन म्हणायची, "तू आणि तो, दोघंही अर्ध्या तासाने एकदा बोलता. त्यातही त्याच्या बोलण्याने काहीतरी काम होतं."

वर्लिन यावर थोडा वेळ विचार करी आणि म्हणे, "हं."

शेजारच्या घरात आर्डेला फिनसेट राहायची. वय चौऱ्याऐंशी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. तिच्या तळघरातही तसाच खड्डा, तसाच पंप. तो वर्लिननेच बसवलेला. दोन्ही घरांचे पाइप मधल्या चिंचोळ्या बोळात समोरासमोर निघत. उन्हाळ्यात त्यांना लांब नळ्या जोडायच्या आणि पाणी परसातून मागच्या चराकडे न्यायचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मात्र गल्लीतला प्रत्येक जण आपापली नळी काढून गुंडाळतो, कारण थंडीत लांब नळीतलं पाणी गोठून तिचा दांडका होतो आणि मागे पंप बिचारा गुदमरतो. हिवाळ्यासाठी भिंतीपाशी फक्त आखूड तोटी ठेवायची. एरवी तेवढं पुरतं, कारण बर्फ पडला की जमिनीखालचं पाणीही झोपी जातं.

या वर्षी ते झोपलं नाही. शरद ऋतूभर पाऊस झाला, वरची माती ओली असतानाच गोठली, आणि खाली पाणी जागंच राहिलं. जानेवारी उजाडला तरी दोन्ही पंप चालू होते. उणे पंचवीसच्या थंडीत पाइपातून पाणी पडलं की वाफेचा ढग उठे. आधी वर्लिनच्या भिंतीवर, मग थोड्या वेळाने समोर आर्डेलाच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो बघत बसे. दोन म्हाताऱ्या गाई गोठ्यात शेजारी उभ्या राहून श्वास सोडतात ना, तसं.

पण ते पाणी जाणार कुठे? बोळात थरावर थर चढून काचेसारखा उंचवटा झाला आणि त्याची एक जीभ पुढच्या फुटपाथपर्यंत पोचली. आर्डेला रोज सकाळी तिथूनच टपालपेटीकडे जायची. आपल्या पाण्याने म्हातारीची वाट निसरडी केली, ही गोष्ट वर्लिनला टोचत होती. तो उठल्या उठल्या जाऊन चुलीतली राख टाकून येऊ लागला. बोलला मात्र कोणाला नाही.

एकदा सकाळी त्याला राखेवर करडे खडे पसरलेले दिसले.

"हे मांजराच्या पेटीत घालतात ते खडे आहेत," तो घरात येऊन म्हणाला.

"मीच आणून दिल्या तिला दोन पिशव्या," लव्होन म्हणाली.

"आर्डेलाला? तिच्याकडे मांजर कुठंय?"

"मला वाटलं, पाळलं असेल."

"विचारलं नाहीस?"

"ती सांगेल ना, सांगायचं असेल तेव्हा."

नॉर्डालची माणसं अशीच. कॉफी घेणार का म्हटलं, तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'उगाच तुम्हाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप' म्हणून बसायचं आणि दोन कप प्यायचे. ज्याला खरं उत्तर हवं असेल, त्याने तीनदा विचारायचं. कमी विचारलं तर ते नुसतं बोलायचं म्हणून बोलणं.

नाताळात आर्डेलाची मुलगी कार्लीन फार्गो शहरातून आली होती, तेव्हा तिने आईला स्पष्ट सांगितलं होतं. तळघरात पुन्हा पाणी आलं किंवा तू कुठे घसरलीस, तर हे घर बंद. माझ्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक इमारत आहे, चौथ्या मजल्यावर खोली रिकामी आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी येऊन बघते, मग ठरवू. हे सगळं लव्होनच्या कानावर आलं, म्हणजे वर्लिनच्याही आलं. म्हणून नवीन वर्षाच्या आठवड्यात टपालपेटीपाशी आर्डेला दिसली, तेव्हा त्याने विचारलं होतं, "सगळं ठीक ना?"

"ठीक ठीक."

"काही लागलं तर सांगा."

"तुला कशाला त्रास."

बोटं बधिर झाली होती. वर्लिन घरी आला.

त्या दुसऱ्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, तो खिडकीत कॉफी पीत होता. आपल्या भिंतीवर वाफ उठली आणि विरली. समोर काही नाही. त्याने दुसरा कप घेतला, तिसरा घेतला. आपलं घर तीनदा श्वास सोडून मोकळं झालं, समोरचं गप्पच. आर्डेलाच्या तोटीखालचा बर्फ पांढरा, कोरडा दिसत होता आणि त्यावर परवाचं हिम तसंच पडून होतं.

"समोरचं घर श्वास घेत नाहीये," तो म्हणाला.

लव्होनने वर पाहिलं. "जा मग. आणि या वेळी तीनदा विचार."

आर्डेलाने दार उघडलं तेव्हा तिच्या पायात रबरी गमबूट होते. घरात गमबूट. वर्लिनने ते पाहिले, त्याने पाहिले हे तिने पाहिलं, आणि दोघंही हवामानाबद्दल बोलले.

"आज थंडी आहे," तो म्हणाला.

"काल जास्त होती."

"पंप ठीक चाललाय?"

"ठीक आहे."

"आवाज नाही येत त्याचा."

"वय झालं रे, त्याचंही. तू कशाला काळजी करतोस."

वर्लिनने टोपी काढून हातात धरली. "आर्डेला, पंप चालू आहे का?"

हे तिसऱ्यांदा झालं. आर्डेलाने पदरी पडलेलं मान्य करावं तसा श्वास सोडला. "मी बंद केलाय. तीन दिवस झाले."

"का पण?"

"माझ्या पाण्याने तुमच्या बोळात बर्फ झाला. तू रोज उठून राख टाकतोस. लव्होन घसरली असती म्हणजे? मग मी ते खडे आणवले. तरी बर्फ वाढतच होता. म्हटलं, पंपच बंद करावा."

"तो माझ्या पाण्याचा बर्फ आहे."

"तुझ्या पाण्याचा कसा? माझा पाइप तिथेच निघतो."

"माझाही तिथेच निघतो."

"बरं, अर्धा तुझा धर," आर्डेला म्हणाली. कॉफीबद्दल बोलावं तशी.

तळघरात घोट्यापर्यंत पाणी होतं. वरच्या दिव्याचा उजेड त्यात हलत होता. कापडी तुकड्यांच्या पेट्या, बाटल्या, मुलीची लहानपणची बुटकी खुर्ची, सगळं पाण्यात आपापल्या प्रतिबिंबावर उभं होतं. वर्लिन शेवटच्या पायरीवर थबकला. दुपारच्या झोपेत येणारं सरोवर ते हेच, फक्त माशांची कसर होती. क्षणभर त्याला ते सुंदर वाटलं आणि लगेच लाज वाटली.

पंपाचा खटका वर जिन्यापाशी होता. आर्डेलाने तो लावला. पंप गुरगुरला, पण पाणी हललं नाही. तीन दिवस उभं राहिलेलं पाणी तोटीत गोठलं होतं. वर्लिनने पंप बंद करायला लावला, बाहेर गेला आणि गरम पाण्याच्या किटल्या मागवत राहिला. लव्होन बोळाच्या एका टोकाला, आर्डेला दुसऱ्या टोकाला, आणि किटल्या येताहेत. पाचव्या किटलीला तोटीतून बर्फाची कांडी सुटून खाली पडली. पंप पुन्हा लावला आणि आर्डेलाच्या भिंतीवर वाफेचा मोठा ढग उठला.

"हं," वर्लिन म्हणाला.

"हा त्याचा आनंद आहे," लव्होन आर्डेलाला म्हणाली. "लग्नाच्या वेळी एवढाही नव्हता."

पण पाणी पुन्हा बोळातच पडत होतं. वर्लिनच्या गॅरेजमध्ये कारखान्यातून टाकून दिलेला रुंद पाइप होता, वीतभर जाडीचा, आतून गुळगुळीत. तो त्याने घराजवळ कमरेएवढ्या लाकडी टेकूंवर आणि परसाकडे जमिनीशी टेकवून चांगला उतरता बसवला. त्याच्या वरच्या तोंडात दोन्ही घरांच्या तोट्या नुसत्या सोडल्या, घट्ट जोडल्या नाहीत. उतारावर पाणी थांबणार नाही, म्हणजे गोठणार नाही. आणि गोठलंच, तर तोंडाशी मोकळी जागा आहे, पंप गुदमरणार नाही. अंधार पडायच्या आत, म्हणजे साडेचारच्या सुमाराला, दोन्ही घरांचं पाणी एकत्र होऊन परसात आर्डेलाच्या भाजीच्या वाफ्यांवर पसरू लागलं.

शुक्रवारभर तिघांनी मिळून तळघर पुसलं. पंखे लावले. ओल्या पेट्या वर आणल्या. त्यांच्या मागे भिंतीला टेकवलेली, दोन लांब पोलादी पट्ट्यांवरची लाकडी खुर्ची सापडली. आर्डेलाच्या आजीने नॉर्वेहून आणलेली बर्फावरची पायगाडी. एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्याने बर्फाला रेटा द्यायचा आणि खुर्चीची पाठ धरून सरकत जायचं.

"गंजलीय," आर्डेला म्हणाली.

"घासून देतो."

"नको रे."

"घासतो."

"उगाच तुला..."

वर्लिन तिसऱ्यांदा न विचारताच कानस आणायला गेला. त्या गल्लीत असं पहिल्यांदाच झालं असावं.

परसातलं पाणी दर अर्ध्या तासाला पातळ थराने पसरत होतं आणि पुढची वाफ उठेपर्यंत गोठत होतं. रविवारपर्यंत दोन्ही परसांच्या मधली कुंपणाची जमिनीलगतची एकुलती तार बुडाली. वाटाण्याच्या वेलांच्या काठ्या बर्फातून वेतासारख्या वर आल्या होत्या. बर्फाखाली कोबीचं एक विसरलेलं पान अजून हिरवं होतं.

कार्लीन चर्चनंतर आली. कोट न काढता आधी तळघरात गेली आणि वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"भिंतीवर पाण्याची रेघ आहे, आई."

वर्लिन तिथेच होता. "ती माझी चूक," तो म्हणाला. "मी दोनदाच विचारलं."

कार्लीनही नॉर्डालचीच. तिला यापेक्षा जास्त सांगावं लागलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईच्या डोक्यावर लोकरी टोपी होती आणि हातात जाड मोजे.

"कुठे निघालीस?"

"टपाल बघायला. मागच्या बाजूने जाते हल्ली," आर्डेला म्हणाली. रविवारी टपाल येत नाही आणि मागच्या बाजूने टपालपेटीकडे वाटही नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

ती परसात उतरली. पायगाडीची पाठ दोन्ही हातांनी धरली, पट्टीवर एक पाय ठेवला आणि दुसऱ्याने हलका रेटा दिला. पट्ट्यांचा बारीक आवाज झाला. वाटाण्याच्या काठ्यांना वळसा घालून, कोबीच्या पानावरून, दोन्ही परसांच्या टोकाला जाऊन ती परत आली. चालताना पाय ओढणारी बाई बर्फावर मात्र कोणीतरी हात धरून नेल्यासारखी सरळ सरकत होती. वर्लिन जागाच होता, तरी त्याला तिच्याखाली खोल पाणी दिसलं आणि त्यात सावकाश पोहणारे मासे.

कार्लीन पायरीवर उभी होती. आई जवळ आली तेव्हा तिने विचारलं, "आई, तू चल ना माझ्याजवळ."

"नको गं."

"खोली छान आहे. नदी दिसते खिडकीतून."

"तुला उगाच त्रास."

यानंतर आर्डेला थांबली. पायगाडीच्या पाठीवर मोजे घट्ट आवळून, मुलीकडे न बघता, पुढचं ऐकायला उभी राहिली. तिसऱ्यांदा विचारलं की आई 'बरं' म्हणेल, हे कार्लीनला माहीत होतं. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात दोन्ही घरांच्या भिंतींवर एकाच वेळी वाफ उठली, पाणी रुंद पाइपातून खळखळत आलं आणि आईच्या बुटांभोवती पातळ होऊन पसरलं.

कार्लीनने तोंड मिटलं. मग म्हणाली, "कॉफी आहे का घरात?"

"आहे ना. घेशील?"

"नको."

"थोडी?"

"तुला कशाला त्रास, आई."

"अर्धा कप?" आर्डेलाने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पायगाडी आणखी एका फेरीसाठी वळवली.