धुळाप्पाची ऐकायची काठी

धुळाप्पाशी माझी ओळख भांडणातून झाली. खरं तर भांडण मी एकट्यानंच केलं. त्याला ते ऐकूच आलं नव्हतं, पण हे कळायला मला पुढं चार महिने लागले.

मी सांगलीजवळच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात वर्कशॉप बघतो. लेथ, वेल्डिंग, फिटिंग सगळं. मूळचा वडूजचा, त्यामुळं तोंड जरा फटकळ. सव्वीस वर्षं पोरांना करवतीचं पातं कसं बसवायचं ते शिकवतोय आणि अजून दर वर्षी कुणीतरी ते उलटं बसवतंच.

गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या पाच पोरांनी बॅटरीवरची पाण्यातली स्कूटर करायला घेतली. तीही अशी, की वेग घेतला की पाण्यावर उचलली जाणार. स्कूटरखाली एक उभा खांब आणि खांबाच्या तळाला विमानासारखे दोन पंख. स्कूटर पळायला लागली की पाणी त्या पंखांना वर ढकलतं, ती हातभर अधांतरी येते, आणि पाण्यात उरतो फक्त खांबाचा खालचा भाग आणि पंख. पुढं ढकलायला उघडं पातं नको, कुणाचा पाय त्यात गेला तर कापेल. म्हणून जेट, म्हणजे नळकांड्यात पुढून पाणी घ्यायचं आणि मागून जोरात फेकायचं. हे सगळं मला उत्कर्षानं समजावून दिलं. उत्कर्षा जत तालुक्यातली. गट तीच चालवायची. बोलणं कमी, हट्ट जास्त.

त्यांची अडचण एकच होती. मोटर आणि पंप स्कूटरच्या पोटात होते, आणि स्कूटर उचलली गेली की पाणी खाली राहायचं. मग पोकळ खांबातून पाणी वर ओढायचं, तर त्यातच बॅटरीची निम्मी ताकद जायची. पोरं महिनाभर कॉम्प्युटरसमोर तोंड पाडून बसली होती. शेवटी उत्कर्षा म्हणाली, "सर, आमच्या आप्पांना दाखवते एकदा."

आप्पा म्हणजे तिचे वडील, धुळाप्पा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, यानं मोटरी धरल्या. जतच्या बाजूला पाणी सहाशे-सातशे फुटांवर. तिथं बोअरमध्ये सोडायच्या लांबुळक्या मोटरी जळल्या की याच्या दुकानात येतात. जळकी तार उपसायची, नवी भरायची, असं तीस वर्षं चाललंय. अर्ध्या तालुक्याला या माणसाच्या हातच्या मोटरींनी पाणी पाजलंय, आणि गड्याला स्वतःला पोहता येत नाही.

तो आला तो थेट वर्कशॉपात घुसला. पायात चप्पल. मी मागून म्हणालो, "आवं पाव्हणं, चप्पल चालत नाही इथं." तो चालतच राहिला. मी दुसऱ्यांदा म्हणालो, तिसऱ्यांदा ओरडलो, आणि मग तोंडाला येईल ते बोललो. त्यानं मान वळवली नाही. मनात म्हटलं, केवढा हा माज.

तो स्कूटरपाशी उकिडवा बसला, पंप बघितला आणि हसला. "मोटर वर कशापायी ठिवलीया? बोअरला आपन वर ठिवतो व्हय? पानी वडून वर आनायचं म्हंजी मोटरीचा जीव जातोय. खाली पाण्यात सोडा की तिला."

साईराज नावाचं गटातलं एक पोरगं त्याच्यासमोर बसून म्हणालं, "काका, खाली जागा नाही. चार बोटांचं नळकांडं मावेल फारतर."

"मग मोटर बी तशीच करायची. बोअर काय हौद आसतोय?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांनी पुस्तकात बघितलेल्या जुन्या बोटी इंजिनावरच्या होत्या. इंजिन पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून त्यांचा पंप वर. पोरांनी तेच उचललं होतं. विजेच्या मोटरीला बुडायची भीती नसते, हे सांगायला जतचा माणूस यावा लागला.

पुढचे तीन रविवार धुळाप्पा एस्टीनं यायचा आणि दिवसभर आमच्या वर्कशॉपात खांबाच्या तळाला मावेल अशी लांबुळकी मोटर भरत बसायचा. "बॅटरीची आसली म्हनून काय झालं, तीन फेजच हायत की," म्हणायचा. केसांएवढी बारीक जागा आणि त्यात तो तारेचे वेढे असे बसवायचा की बघत राहावं. राग आला की कन्नडात पुटपुटायचा. मागून हाक मारली की मात्र उत्तर नाही. हातात सोनं आहे, पण माणूस गर्विष्ठ, असं मी ठरवून टाकलं.

त्याच दिवसांत उत्कर्षानं मला एक काम सांगितलं. मोटरीचं बेअरिंग नीट आहे का ते ऐकायला मिस्त्री लोक स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. तिला तशी काठी हवी होती. कडुलिंबाची, दीड वितीची, एका टोकाला लोखंड. मी म्हणालो, "कानाकडचं टोक गोल करतो, गोटीसारखं."

"नाही सर, चपटं. बोटभर रुंद."

मी करून दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, कडा टोचतात म्हणाली. मी घासून दिल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली, अजून गुळगुळीत पाहिजेत म्हणून. मी तिला दोन शब्द सुनावले, पण घासून दिल्या.

डिसेंबरात आमच्या वडूजकडच्या तलावात पहिली चाचणी घेतली. ओळखीपाळखी माझ्या, म्हणून परवानगीचं मी बघितलं. उत्कर्षा तरंगायचं जाकीट घालून स्कूटरवर बसली. स्कूटर पळाली, डुलली आणि खरंच उचलली गेली. पोरांनी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती जास्तच वर आली, जेटचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडलं आणि मोटरीनं हवा घेतली. असा कर्कश आवाज निघाला की पाचशे फुटांवरची गुरं उधळली. साईराजनं कानांवर हात ठेवले. माझे दात आंबले. स्कूटर आदळली आणि उत्कर्षा पाण्यात पडली.

धुळाप्पा माझ्या शेजारीच, वाऱ्यानं तंबाखू उडू नये म्हणून पाण्याकडं पाठ करून उभा होता. तळहातावर ती मळत होता. त्याच्या अंगठ्याचा ताल जरासुद्धा चुकला नाही.

तेव्हा मला सगळं कळलं. चप्पल, हाका, माझा राग, सगळं. मला माझी इतकी लाज वाटली की काही क्षण मी पाण्यात पडलेल्या पोरीकडंसुद्धा बघितलं नाही.

उत्कर्षा पोहत काठाला आली. स्कूटर ओढून घेतली आणि ओले कपडे बदलायला टेंपोकडं गेली. धुळाप्पानं बसकण मारली, मोटर बादलीभर पाण्यात धरून हळू फिरवायला सांगितली, आणि मी दिलेली कडुलिंबाची काठी खिशातून काढली. लोखंडी टोक मोटरीवर टेकवलं. पोरांकडं पाठ वळवून चपटं टोक दातांत धरलं आणि डोळे मिटले.

"खालच्या बेअरिंगचा बुश सुका पडलाय," तो म्हणाला. "दुसरा घालू. बाकी चांगली हाय."

बाकीची पोरंही टेंपोकडं गेल्यावर मी त्याच्यासमोर उभा राहिलो. "आप्पा, कान कधीपासनं गेले?"

तो माझ्या ओठांकडं बघत होता. मग म्हणाला, "उजवा चार वर्सं झाली. डावा बी दोन वर्सं झाली. मानूस म्होरं आसलं की भागतंय. मोटर दातातनं कळती, कवटीत वाजती."

"कानात मशीन का घालत नाही?"

"पोरीला दिसंल की." त्यानं टेंपोकडं बघून घेतलं. "तिला कोचीला बोलावलंय. विजेच्या बोटी करनारी कंपनी हाय, जुलैत जायाचं. माझं ह्ये कळलं तर ती जायाची न्हाई मास्तर. दुकानात येऊन बसंल. मी वळखतो तिला. ती एकदा गाडीत बसू द्या, दुसऱ्या दिशी मशीन घालतो. तवर तुमी गप ऱ्हावा." मग हातातली काठी दाखवली. "ही बी तिनंच दिली. तिला वाटतंय मी कानाला लावतो. बिचारी."

मी त्या काठीकडं बघत राहिलो. चपटं टोक. बोटभर रुंदी. दोनदा घासलेल्या कडा. माझ्या हातानं केलेली वस्तू, आणि ती कशासाठी आहे हे मला आज कळत होतं.

संध्याकाळी सामान बांधताना उत्कर्षाला बाजूला घेतलं. "ती काठी कानाची नव्हती ना?"

ती दोरीची गाठ मारत राहिली. "लोखंड चावून चावून आप्पांचा पुढचा दात हलायला लागलेला, सर."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"दीड वर्षं झालं. आई ओरडून बोलते आणि आप्पा अंदाजानं हसतात. लेकीला कळणार नाही व्हय?"

"मग बोलत का नाहीस त्यांच्याशी?"

"बोलले तर मला राहावं लागेल." तिचा आवाज फुटला. "आणि मला जायचंय, सर. लय जायचंय. मी वाईट आहे का?"

मला रडणाऱ्या पोरांशी बोलता येत नाही. तरी म्हणालो, "वाईट असतीस तर कडा घासायला दोनदा परत आली नसतीस."

धुळाप्पानं मला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि पोरीलाही तेच हवं होतं. माझ्यासारख्या फटकळ माणसाला ही शिक्षाच होती. पण मी गप्प राहिलो.

दुसऱ्या चाचणीच्या आधी धुळाप्पानं एकच बदल सांगितला. बोअरमधली पातळी उतरली तरी उघडी पडू नये म्हणून मोटर नेहमी पाण्याखाली भरपूर खोल सोडतात. "तसंच करा. खांब वीतभर वाढवा," तो म्हणाला. पोरांनी आठवडाभर हिशेब मांडले आणि खांब वीतभर वाढवला.

जानेवारीतली सकाळ होती. वारा नव्हता. या वेळी धुळाप्पा पाण्याकडं तोंड करून उभा होता, काठी मुठीत घट्ट. उत्कर्षानं स्कूटर सोडली. ती पळाली, उचलली गेली आणि उचललेलीच राहिली. मोटर पाण्यात खोल होती. काठावर आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. मधे पोहणाऱ्या बदकांनी मानसुद्धा वर केली नाही. पोरगी पाण्यावरून हातभर उंच, नुसती सरकत गेली.

तलावाला वळसा घालून ती आमच्या समोरून गेली आणि जाताना तिनं एक हात डोक्यावर उंच धरला, तळवा उघडा. जतला मोटर सुरू केल्यावर लांब पाइपाच्या तोंडाशी उभा असलेला माणूस असाच हात करतो. पाणी आलं, असा त्याचा अर्थ. धुळाप्पानंही हात उंच केला.

मग तो माझ्याजवळ आला. "मास्तर, आवाज कसा हुता?"

"आवाज नव्हता, आप्पा."

त्यानं माझं तोंड निरखलं. मी त्याच्यावर दया करतोय असं त्याला वाटलं. "खरं सांगा. पोरीच्या मोटरीचा आवाज मला ठावा पायजे."

मी साईराजला पुढं ओढलं. "याला विचारा."

"काहीच आवाज आला नाही, काका. खरंच."

धुळाप्पानं बाकीच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. तिघांनीही माना हलवल्या.

"कुनालाच न्हाई?"

"कुनालाच न्हाई," मी म्हणालो.

त्यानं काठी खिशात घातली आणि खांद्यावरच्या टॉवेलानं डोळे पुसले, सगळ्यांदेखत, न लपवता.

"म्हंजी आज समद्यांनी सारखंच ऐकलं," तो म्हणाला, आणि लेकीला हात द्यायला पाण्याच्या कडेला गेला.