चिमणीच्या गाडीचा आवाज

माझ्या दादाला सगळे 'कानवाले' म्हणायचे. हे नाव गिऱ्हाइकांनी दिलं आणि त्यानं ते इतक्या खुशीत घेतलं की वडिलांनी ठेवलेलं नाव फक्त विजेच्या बिलापुरतं उरलं. गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच, हातातलं काम न थांबवता, तो सांगायचा, "पट्टा सैल झालाय," किंवा "एक प्लग गेलाय हिचा." मग गाडीवाला उतरून तेच गाऱ्हाणं सांगायला लागला की आम्हाला हसू आवरायचं नाही. त्याला वाटायचं, आपल्यालाच हसतायत. काही जण रागावून निघूनही गेले आणि चार दिवसांनी मुकाट्यानं परत आले.

गॅरेजात एक रीत होती. दुरुस्त झालेली गाडी तशीच बाहेर पडायची नाही. दादा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. तेवढा वेळ कुणी साधा पानासुद्धा खाली ठेवत नसे. मग तो मान डोलवायचा आणि मी काउंटरवरून किल्ली द्यायची. मान डोलल्याशिवाय किल्ली नाही. एका साहेबांना विमान गाठायचं होतं, ते घड्याळ दाखवत नाचत होते. दादा म्हणाला, "साहेब, तुमच्या विमानाचं इंजिनही कुणीतरी असंच ऐकलं असेल, अशी आशा धरा." साहेब गपचूप बाकावर बसले.

मी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर इथं आले, ती इथलीच झाले. वहिनी त्याआधीच गेलेली. गॅरेजच्या वर तीन खोल्या, त्यांत आम्ही तिघं: दादा, मी आणि त्याची मुलगी. तिला सगळे चिमणी म्हणायचे. लहानपणी एवढीशी होती म्हणून. पुढं ती माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली तरी नाव काही बदललं नाही. ती ड्रायव्हिंग शिकवायची. आठवडाभर घाबरट लोकांच्या शेजारी बसून "क्लच हळू सोडा, हळू" असं घसा कोरडा होईपर्यंत सांगायचं, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार काढून डोंगर गाठायचा. वर्षातून एकदा तो डोंगराचा रस्ता बंद करून शर्यत व्हायची. एकेक गाडी खालून सुटायची. दादा शेवटच्या वळणापलीकडं, वर, उभा राहायचा आणि गाडी दिसायच्या कितीतरी आधी सांगायचा, चिमणी कुठल्या वळणावर आहे आणि कुठल्या गिअरमध्ये आहे. लोक शर्यत सोडून त्याच्याकडं बघायचे.

मग त्याचा कान जायला लागला.

आधी बारीक आवाज गेले. किटली शिट्टी मारत राहायची आणि हा शेजारी बसून पेपर वाचायचा. मी म्हणायचे, लक्ष नाही ह्याचं. मग एक दिवस मी काउंटरवरून ऐकलं, तो गिऱ्हाइकाला विचारत होता, "काय होतंय नेमकं? सांगा जरा." इतक्या वर्षांत त्यानं गाडीवाल्याला कधी काही विचारलं नव्हतं. त्यानंतर मी बघायला लागले. तो हात टेकवून थरथर बघायचा, धूर बघायचा, चेहरे बघायचा. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचाच, डोळे मिटायचाच, मानही डोलवायचा. गॅरेजात सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. हाताखालची पोरं त्याच्या माघारी गाड्या परत तपासून घ्यायची. डॉक्टरचं नाव काढलं की दादा खोलीतून उठून जायचा.

अशात चिमणीनं तो पाइप आणला. कोल्ड एअर इनटेक. लांब चकचकीत पाइप, टोकाला लाल फिल्टर, वेष्टनावर आगीच्या ज्वाळा. गाडीचा मूळचा, हवा गाळून आत घेणारा काळा डबा काढायचा आणि हे बसवायचं, म्हणजे इंजिनाला थंड हवा मिळून गाडी जोरात पळते, असं वेष्टनाचं म्हणणं. असे पाइप घेऊन येणाऱ्या पोरांची दादानं आयुष्यभर थट्टा केली होती. "कंपनीतले इंजिनिअर काय झोपले होते का? मूळचा डबासुद्धा बाहेरचीच हवा घेतो. तुम्ही आवाज विकत घेताय रे, ताकद नाही!" हे वाक्य मला पाठ होतं. त्यामुळं चिमणी पाइप बसवून गाडीत बसली तेव्हा मी गंमत बघायला काउंटर सोडून बाहेर आले.

तिनं पाय दाबला. जुना डबा जे आतल्या आत गिळायचा ते सगळं बाहेर आलं. खोल, घोगरा, छातीत बसणारा आवाज. आणि दादाचा चेहरा फुलला. मी इतक्या महिन्यांत तो चेहरा पाहिला नव्हता. "आत्ता कशी मोकळी झाली!" तो म्हणाला. "ऐकलंस? ऐकलंस का गं?"

मी ऐकलं होतं. मला त्याच्या आनंदाचीच भीती वाटली.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही गाडी मापवाल्याकडं नेली. त्याच्याकडं जमिनीत बसवलेले रूळ होते. गाडीची चाकं त्यांवर चढवून पळवली की गाडी जागच्या जागी राहते आणि ताकद पडद्यावर दिसते. पहिल्या खेपेला बॉनेट उघडं होतं, समोर मोठा पंखा. आकडा चांगला नऊ हॉर्सपॉवरनं वाढलेला. दादानं टाळी दिली. मग मापवाल्यानं बॉनेट बंद केलं, इंजिन नीट तापू दिलं आणि पुन्हा पळवली. आकडा जुन्या डब्याइतकाच.

"बॉनेट बंद केलं की फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढतो," तो म्हणाला. "चिमणीताई, डोंगरावर बॉनेट उघडं ठेवून चालवणार असाल तर नऊ तुमचे."

आम्ही हसलो. तो मात्र हसता हसता दुसऱ्या पडद्याकडं बघायला लागला, आणि त्याचं हसू गेलं.

"कानवाले, हे बघा. हा पाइप जुन्यापेक्षा रुंद आहे. हवा मोजणारा सेन्सर ह्याच्यात बसवलाय, तो फसतोय. त्याला वाटतं हवा कमी येतेय, म्हणून पेट्रोलही कमी जातंय. सपाटीवर चालून जाईल. पण लांब चढावर पूर्ण दाबून धरलं तर आत आग जास्त होणार. इंजिन नॉक करणार, आतून खडखडणार. गाडी जुनी आहे, तिला स्वतःहून सावरता येत नाही. कॉम्प्युटरची सेटिंग करून घ्या, नाहीतर जुना डबा लावा. शर्यत अशी करू नका."

"नॉक केलं तर मला ऐकू येईल की," दादा म्हणाला.

मापवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

सेटिंग करणारा माणूस परगावी गेला होता, तो शर्यतीनंतर येणार होता. म्हणजे डबा. इतकं सोपं होतं. अर्ध्या तासाचं काम. घरी आल्यावर मी चिमणीला जिन्यात गाठलं आणि सांगितलं, "उद्याच्या उद्या डबा लाव."

"नाही आत्या."

"नऊ हॉर्सपॉवर सोड, एकही वाढलेली नाही. मग कशाला जीव टांगणीला लावतेस माझा?"

ती पायरीवर बसली. म्हणाली, "मागच्या वर्षी मी शेवटच्या वळणातून वर आले ना, तेव्हा बाबा दचकले. मला काचेतून दिसलं. सगळे लोक माझ्या दिशेनं बघत होते आणि बाबा भलतीकडंच बघत होते. मग गाडी दिसली तेव्हा दोन पावलं मागं सरकले. आत्या, त्यांना मी येतेय हेच कळलं नव्हतं." मग म्हणाली, "हा पाइप मी ताकदीसाठी नाही आणलेला."

मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना.

"आणि आता डबा परत लावला तर बाबा विचारतील, का? मी काय सांगू? तुमच्या कानावर भरवसा नाही म्हणून?" तिनं माझा हात धरला. "चढावर बाबा शेजारी बसून ऐकतीलच. ते नको म्हणाले तर लगेच डबा लावते. आणि मी पूर्ण दाबणारच नाही. शेवटच्या टप्प्यात पाय सैल ठेवीन."

शर्यतीच्या गाड्या दादा असाच ऐकायचा, शेजारी बसून. गॅरेजमागं चढाचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना गोदामांच्या उंच भिंती. त्या भिंतींमुळं बारीकसारीक आवाजही परत येतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ते दोघं गाडी घेऊन खाली गेले आणि मी अर्ध्या चढावर भिंतीला लागून उभी राहिले. गाडी आली. तो घोगरा आवाज अंगावर आला आणि त्याच्या पोटात मला दुसरा आवाज ऐकू आला. कोरडा, बारीक. पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून हलवावेत तसा. वीस वर्षं कानवाल्याच्या घरात काढली की तेवढं माझ्यासारखीलाही कळतं.

ते गॅरेजात परत आले, मागोमाग मीही. दादा उतरला, गुडघे झटकले आणि मान डोलवली. "स्वच्छ आहे."

"दादा, खडखडतंय," मी म्हणाले. "मी भिंतीपाशी होते. स्पष्ट ऐकलं."

"तू काउंटर सांभाळ."

"दादा, तुला ऐकू येत नाही."

"काय?"

त्यानं खरंच ऐकलं नव्हतं की ऐकून विचारलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी पुन्हा म्हणाले. ह्या वेळी जोरात. सगळं गॅरेज थांबलं. इतकं शांत झालं की हवेच्या नळीतून वारा सुटत होता तोही ऐकू आला, त्याच्याखेरीज सगळ्यांना.

दादानं हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं. "गिऱ्हाइकं आहेत," तो म्हणाला. "ओरडू नकोस."

तो एकदम म्हातारा दिसला. मला स्वतःच्या तोंडाची लाज वाटली, पण शब्द मागं घेतले नाहीत. चिमणीनं उतरल्यावर रीतीप्रमाणं किल्ली खुंटीवर टांगली होती; मी त्या खुंट्यांपुढं आडवी उभी राहिले. चिमणी आली. तिनं बापाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबांनी मान डोलवलीय, आत्या." माझ्या खांद्यावरून हात घालून तिनं किल्ली स्वतःच काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. दादा माझ्याशी बोलत नव्हता, तरी वर आम्ही शेजारी शेजारीच उभे होतो. कठड्यापाशी गर्दी होती. आधीच्या गाड्या येत होत्या, जात होत्या. तो त्यांच्याकडं बघायचा, पण त्या समोर आल्यावरच. मग खालून चिमणीची गाडी सुटली.

दादाची मान वर झाली. त्याला खालपासून ऐकू आलं. "दुसरा," तो म्हणाला. "तिसरा टाकला. आता पुलाचं वळण. बघ, दुसरा." सगळं बरोबर. आसपासची माणसं वळून त्याच्याकडं बघायला लागली, पूर्वीसारखीच. त्यानं एकदा माझ्याकडंही पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. नुसता विजय होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, देवा, मीच चुकीची ठरू दे.

मग डोंगराच्या कड्यावरून आवाज परतून आला आणि त्यात ते खडे होते. चार नव्हते, मूठभर होते.

मी वाट बघत होते की ती पाय सैल करेल. प्रत्येक वळणाला वाटलं, आता करेल. तिनं केला नाही. खाली, गाडीत तिला ठाऊक होतं की वर बाप एकेक गिअर मोजतोय, आणि चार माणसांत सांगतोय. पाय सैल केला असता तर त्यालाच आधी कळलं असतं. हे मला त्या क्षणी कळलं आणि मी कठडा घट्ट धरला.

एक फाटका, आखूड आवाज झाला. मग टायर किंचाळले. मग काहीच नाही.

पिस्टन फुटून इंजिनाला भोक पडलं होतं आणि तेल चाकांखाली सांडलं होतं, हे मागाहून मापवाल्यानं सांगितलं. गाडी वळणावरून सरळ खाली गेली. चिमणी जागीच गेली. तेही आम्हाला अर्ध्या तासानं कळलं. पण तेव्हा, वर, एवढंच दिसलं की वळणाच्या मागून धूळ वर आली, लाल झेंडा हलला आणि माणसं उतारानं धावत सुटली.

दादा हलला नाही. त्यानं एक हात वर केला होता, मी मध्ये बोलू नये म्हणून. मान तशीच कललेली, चेहरा तसाच फुललेला.

"चौथा टाकला," तो म्हणाला. "आली बघ."

त्याच्या कानात एक घोगरा आवाज कायम चालू असतो, बाहेर काही नसतानाही, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला ते तिथं, तेव्हा समजलं. लोक आम्हाला धक्के मारत खाली पळत होते आणि तो रिकाम्या वळणाकडं बघत लेकीची वाट पाहत होता. मी त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि खाली धुळीकडं वळवलं.