मुकादम सर आमच्या घरी कधीच पोचले नाहीत

मुकादम सर जाऊन आज वर्ष झालं आणि मी आत्ता कुठे लिहायला बसलोय.

वर्षभर टाळलं. पहिली ओळ टाइप केली की मला बाईक धुवायची आठवण यायची. अख्ख्या कर्जत तालुक्यात माझ्याइतकी स्वच्छ बाईक कोणाची नसेल.

सर गेले तेव्हा मी मनालीजवळ एका हॉस्टेलात पराठे लाटत होतो. गोल यायचे नाहीत. तो विषय वेगळा.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी: आठवीला आम्हाला मराठी शिकवायचे. बारीक अंग, पांढरी दाढी आणि एक जुनी स्कूटर, जी बंद केली तरी थोडा वेळ थरथरायची.

निबंध त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केले.

"शाळेपासून तुझ्या घरी कसं यायचं, ते लिही. रविवारी मी येणार. वाटेत कोणाला विचारणार नाही. तू लिहिलंस तेवढंच करणार."

आम्हाला वाटलं मस्करी.

दहिवलीच्या रूपालीने लिहिलं, "मग सरळ या." सर सरळ गेले. सोमवारी वर्गात आले ते चिखलाच्या चपला घेऊन.

"रूपाली, सरळ कुठे संपतं तेही लिहीत जा गं. मी भातखाचरात होतो."

फिरोजने लिहिलं, "गल्लीत कुत्रा आहे, घाबरू नका."

सर गल्लीच्या तोंडावरून परत. "घाबरलो रे. नुसतं 'घाबरू नका' लिहून काय होतंय? त्याचं नाव लिहायचंस, हाक तरी मारली असती."

फिरोजने पुन्हा लिहिलं, नावासकट. या वेळी सर आत गेले.

घर सापडलं की सर जेवून जायचे आणि वहीत शेरा मारायचे. "पोचलो. मासे छान." बस. त्या एका "पोचलो"साठी अख्खा वर्ग जीव टाकायचा.

मी भिवपुरीच्या पलीकडच्या गावातला. मी दोन पानं लिहिली. त्यात शाळेसमोरचा भजीवाला आला, भजीवाल्याचा भाऊ आला, भावाचा पोपट आला.

घर आलंच नाही.

शेरा: "भजी खाल्ली. पोपट पाहिला. पुढे?"

इकडे आईने वालाचं बिरडं केलेलं.

"येतायत ना रं तुझे सर?"

"येतायत गं."

संध्याकाळपर्यंत ती दारात उभी. मग टोप माझ्यापुढे आदळला. "आता तूच गिळ सगळं."

दुसऱ्या वेळी मी डोकं चालवलं. आमच्या शेजारच्या बाळारामकाकांचा निळा टेंपो. रविवारी सकाळी भाजी उतरवायची आणि कर्जतच्या 'चार फाटा' नाक्यावरून थेट घरी यायचं, हे त्यांचं ठरलेलं. मी एकच ओळ लिहिली: "चार फाट्यावर निळा टेंपो दिसेल, त्याच्या मागोमाग या."

मला वाटलं, आता बक्षीसच.

नेमकं त्या रविवारी काकांना मांडवाच्या सामानाचं भाडं लागलं. कुंभिवलीचं.

सर मागोमाग. पार खालापूरच्या हायवेपर्यंत, थरथरत.

काका अजून सांगतात, "आरशात बघतोय तर एक म्हातारा. मी हळू केला, त्यो हळू. मी चहाला थांबलो, त्यो पण थांबला. मला वाटलं आरटीओचा मानूस हाय!"

कुंभिवलीत एका सुरेखा नावाच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलीकडच्यांना वाटलं, सर मुलाकडचे. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे. टोपी घालून पहिल्या पंगतीला बसवलं. सरांनी शब्द पाळला. कोणाला काही विचारलं नाही.

सोमवारी वर्गात: "घर छान आहे रे तुझं. बहिणीला स्थळही चांगलं मिळालंय. फक्त तू कुठे दिसला नाहीस."

मला बहीण नाही. वर्ग बाकांवरून खाली पडला.

हसणं थांबल्यावर सर जवळ आले. "टेंपो हलतो रे बाबा. न हलणारं काहीतरी लिही. वाचणाऱ्याला तुझं घर माहीत नसतं, म्हणून तर तो वाचतो."

तेव्हापासून दर ईदेला सर कुंभिवलीला शिरखुर्मा घेऊन जायचे. चुकलेल्या घरी दर वर्षी. आमच्या घरी एकदाही नाही.

पुढे माझी शाळाच सुटली. सर बाजारात भेटायचे.

"तुझ्याकडे यायचं राहिलंय."

"लोकेशन पाठवतो ना सर."

"लोकेशन नको. लिही."

"लिहितो."

आणि मी गोव्याला जायचो. नाहीतर अजून कुठे.

म्हणून आज सकाळी बॅचच्या ग्रुपवर टाकलं. सरांच्या आठवणीत दुपारी आमच्याकडे जेवायला या. लोकेशन मिळणार नाही. फक्त हे:

"चार फाट्यावरून भिवपुरीच्या रस्त्याला लागा. वीजकेंद्राच्या क्वार्टर्स मागे टाकल्यावर दोन रस्ते फुटतात. त्यातला खराब आमचा. पाण्याची टाकी आली की रस्ता संपला. टाकीला वळसा घाला, पहिलं हिरवं दार. बाहेर म्हैस दिसेल, तिच्यावर विसंबू नका, ती उठते."

बाळारामकाकांना आधी वाचायला दिलं. म्हणाले, "बरोबर हाय. टेंपो नाय ना यात?"

ग्रुपवर रिप्लाय आले.

रूपाली: लोकेशन टाक.

फिरोज: लोकेशन टाक ना भाई.

दुपार टळली. कोणी नाही.

"टाक की रं मेल्या ते लोकेशन," आई ओरडतेय. "बिरडं आटत चाललंय."

"नाय टाकणार."

तिने पुन्हा पाणी घातलं. मी ओट्यावर येऊन हे लिहायला लागलो. बाईक आज धुवायची नाही असं ठरवून.

सर, फार उशीर केला. पण या वेळी पोपट घातला नाही, बघा. घर आलंय शेवटी. तुम्हाला मनापासून सलाम.

थांबा. टाकीपाशी स्कूटर वाजली.

एक बाई आल्यात. आमच्या बॅचच्या नाहीत, मी ओळखत नाही. हातात स्टीलचा डबा. आई पुढे गेली.

"मी सुरेखा, कुंभिवलीची. टेंपोवाल्या काकांनी मेसेज पाठवलेला. सरांचा शिरखुर्मा करून आणलाय, जमलाय का बघा."

"ये गं, बस. सापडलं का नीट?"

"हो तर. कोणाला इचारावं नाय लागलं."