पिवळा ठिपका

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा अगदी ओठांवर आलं होतं — ती भात वाढत होती — आणि मी मान खाली घातली. त्या भाताचंही सांगतो. पण आधी मला नीट सुरुवात तर करू द्या.

मी तुमसरला मोटरसायकलच्या शोरूममध्ये सर्व्हिसचं काम बघतो. म्हणजे काय, तर दिवसभर लोकांच्या शिव्या खातो. आणि लोक काही उगाच शिव्या देत नाहीत, बाप्पा! पूर्वी बापाची गाडी पोरगा चालवायचा. आता नवीकोरी गाडी वर्षाच्या आत धूर ओकते, चेन खडखडते, पत्रा बोटानं दाबला तरी पोचा पडतो. माणूस वॉरंटी मागायला आला की आम्ही ठरलेलं बोलतो — तुमची चालवायची पद्धत चुकते, धानाच्या बांधीत, चिखलात गाडी घालता, मग काय होणार? याची लाज वाटायची. पण संध्याकाळी ग्रीसचे हात धुतले की तीही जायची.

सुखदेवभाऊंच्या वेळची लाज मात्र गेली नाही.

ते आंबागडचे. धानाची शेती. त्यांचा धाकटा भाऊ देवा गावातच गाड्या दुरुस्त करायचा. लग्नं झाली, पोरं झाली, तरी दोघांची चूल एकच. सुखदेवभाऊंची नवी गाडी धूर सोडायला लागली, तेव्हा देवानं तिला हात लावला नाही. भाऊंनी मला स्वतः सांगितलं, "देवा म्हणते, दादा, वॉरंटी हाय, मी खोलत नाही, शोरूमलेच ने." म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

इंजिनाच्या बोल्टवर कारखान्यातून पिवळा ठिपका येतो, अर्धा बोल्टवर, अर्धा झाकणावर. बोल्ट जरा फिरवला की ठिपका तुटतो. तुटला म्हणजे गाडी बाहेर खोलली, आणि बाहेर खोलली म्हणजे वॉरंटी गेली. त्याच आठवड्यात मालकानं मला सगळ्यांसमोर झापलं होतं, की आपल्याच शोरूमचे वॉरंटीचे क्लेम कंपनीकडे एवढे काहून जातात? सुखदेवभाऊ समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले. मी पाना घेतला. बोल्ट जरासा फिरवला आणि परत आवळला.

किती वेळ लागला असेल? त्यांचा चहा संपायचा होता.

भाऊ आले, तर मी ठिपका दाखवला. ते म्हणाले, "साहेब, मी तं साधा नटबी नाही फिरवला." इथं मी गप्प राहिलो असतो तरी माझं काम झालं होतं. वॉरंटी गेलीच होती ना? पण त्यांनी आणखी काही विचारू नये, बला टळावी, म्हणून मी म्हणालो — घरात मेकॅनिक आहे ना तुमच्या?

त्यांचा चेहरा कसा उतरला, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते देवाला घेऊनच आले. देवा रडकुंडीला आला होता. "दादा, माह्या पोरीची शपथ, मी हात नाही लावला." भाऊ मला म्हणाले, "साहेब, याच्या तोंडावर सांगा." मी म्हणालो, ठिपका तुटलेला आहे, आता मी काय सांगू? बघा, यात एक शब्द खोटा नव्हता. किती हुशार मी! देवानं माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. शोरूमचा शर्ट घातलेला माणूस खोटं कशाला बोलेल, असं भाऊंना वाटलं. सख्ख्या भावाहून माझा शर्ट खरा ठरला.

पुढे अंगणात भिंत झाली. चुली दोन झाल्या. धानाच्या रोवणीला दोघांच्या बायका एकाच बांधावरून तोंड फिरवून जायच्या, असं त्यांच्या गावचे लोक मला गाडी धुवायला देताना सांगायचे. देवा गाड्या बिघडवतो, ही गोष्ट गावभर झाली. त्याचं दुकान बसलं. तो नागपूरला निघून गेला. भिंत तिथंच आहे.

या सगळ्यात मी कितीदा आंबागडला जाऊ शकलो असतो? तुमसरहून जायला असा काय वेळ लागतो? गेलो नाही. भीती वाटली — नोकरीची, माराची, आणि खरं सांगायचं तर भाऊंच्या चेहऱ्याची.

दिवाळीनंतर ते शोरूमला आले. मला वाटलं, कळलं यांना. त्यांनी पिशवी पुढे केली. नव्या धानाचा चिन्नोर तांदूळ. म्हणाले, "साहेब, तुमच्यानं समजलं. नाही तं घरातलाच माणूस मले फसवून राहिला होता, मले पत्ताच नव्हता."

मी पिशवी घेतली.

बायकोनं त्याच दिवशी भात केला, घरभर वास सुटला. कुणी दिला म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, एक गिऱ्हाईक आहे, भला माणूस आहे.

आणि मी तो भात खाल्ला. चांगला लागला, म्हणून पुन्हा वाढून घेतला.