काकू पोस्टात आहेत

‘त्यात काय हाय ते इचारू नका. त्यात कोन हाय ते इचारा.’

पोस्टाच्या खिडकीपाशी गेलं की नाना आधी टोपी काढून फळीवर ठेवायचे आणि मग हे वाक्य टाकायचे. पलीकडचा माणूस दर वेळी गोंधळायचा. तो गोंधळणार हे नानांना पक्कं ठाऊक असायचं, तरी ते सुरुवात तिथूनच करायचे.

नाना माझे घरमालक. कासार आंबोलीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हापासून मी त्यांच्या माडीवर राहते. मुलगा बावधनला कामाला जायचा, नाना उरलेल्या रानात भात लावायचे आणि दिवसभर बायकोवर, म्हणजे आमच्या काकूंवर, ओरडायचे. काकू अचानक गेल्या, आणि नानांचं ओरडणं बंद झालं. तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. ती शांतता माडीवर ऐकू यायची.

सवाष्ण गेलेल्या बाईचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा, ही त्यांच्या घरची रीत. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर उठवलेली मूर्ती. एकदा तो बसला की ती बाई देवांत जमा होते आणि घरातच राहते. नानांची आई, आजी अशाच तिथे बसलेल्या आहेत. त्यांच्या घरचे टाक घडवणारा सोनार मात्र म्हातारपणी दुकान बंद करून मुलाकडे सोलापूरला गेला होता. नानांना दुसरा चालेना.

‘त्यानं तिला बघितलंय,’ म्हणाले. ‘तिचा तोंडवळा त्येला सांगाया लागत न्हाई.’

टाकावर तोंडवळा कुठे ओळखू येतो? पण हे नानांना कोण सांगणार!

त्याच्याकडूनच सोलापुरात टाक तयार झाला. सोनाराने फोनवर पत्ता विचारला तेव्हा नानांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, काकूंचं सांगितलं. मी शेजारीच बसले होते.

‘ती घरला येतीया,’ फोन ठेवून मला म्हणाले. ‘मंग तिच्याच नावानं येऊ द्या की.’

पार्सल गावापर्यंत आलं. पोस्टमन याच भागातला, काकूंच्या मातीला येऊन गेलेला. त्याने नियमाप्रमाणे शेरा मारला, ‘प्राप्तकर्ती मयत’, आणि पार्सल परत धाडलं. नानांच्या दारावरून गेला, पण एक हाक मारली नाही. याचा मला आजही संताप येतो. सोनाराने सवयीने पाठीमागे जुन्या दुकानाचा पत्ता घातला होता. तिथे कुलूप. मग ते पार्सल जे गेलं ते गेलंच.

मग खिडकीच्या वाऱ्या सुरू झाल्या.

‘आधी वारस दाखला आणा,’ खिडकीतून सांगण्यात आलं.

‘ती मेली म्हनूनच टाक केला न्हवं? जित्या बाईचा टाक करत्यात व्हय?’

‘पार्सलमध्ये वस्तू कोणती?’

‘वस्तू न्हाई. मालकीण हाय माजी.’

दाखला नेला, तर पार्सल आता आमच्याकडे नाही म्हणाले. कुणाकडे आहे? ते वरून कळेल. वर म्हणजे कुठे, हे कुणी सांगेना. मी मोबाइलवरून तक्रार केली, तर उत्तर आलं, ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.’ कुणाचं समाधान? पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच. निर्लज्जपणाला काही सीमा!

‘काय म्हनत्यात, बाई?’

‘निवारण झालं म्हणतात, नाना.’

‘मंग हाय कुटं ती?’

मुलगा एकदा म्हणाला, ‘नाना, दुसरा टाक करून घेऊ.’

‘दुसरा? ह्या वयात दुसरं लगीन लावतुयास व्हय माजं?’

आम्ही हसलो. नानाही हसले. मग हळूच म्हणाले, ‘अन् पयली तितंच बसंल, पोत्यात. तिला अंधाराचं लई भ्या वाटतं.’

पितृपक्षातल्या अविधवा नवमीला सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने पान वाढतात. त्या दिवशी नाना झाकलेलं ताट मांडीवर घेऊन माझ्या स्कूटरवर बसले. खीर, वडे, अळूची भाजी, गवार, सगळं सुनेकडून करवून घेतलेलं. खिडकीच्या फळीवर टोपी ठेवली, शेजारी ताट ठेवलं.

‘घरात तर ती न्हाई. तुमच्या ताब्यात हाय. मंग पान हितंच.’

‘आजोबा, इथे खायचं काही ठेवता येत नाही.’

‘मानूस ठेवता येतंय, अन् ताट न्हाई?’

रांगेतल्या एका बाईने पिशवी खाली ठेवून ताटाला हात जोडले. पोस्ट बंद होईपर्यंत ताट तिथेच होतं, आणि ते हलवायची कुणाची छाती झाली नाही.

यंदा नानाही गेले. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळे समोरच्या उंबरावर बसून होते, एकही खाली येईना. रान विकणार नाही, असं मुलाने हात जोडून सांगितलं. नातीचं लग्न थाटात करू, असं सुनेने सांगितलं. ऊन चढलं. शेवटी मुलगा मोठ्याने म्हणाला, ‘नाना, आईला पोस्टातनं घरी आणतो.’

एक कावळा उतरला. पिंडाच्या अगदी जवळ आला, मान वाकडी करून मुलाकडे पाहिलं, आणि उडून परत उंबरावर जाऊन बसला.

असली आश्वासनं नानांनी त्या खिडकीवर फार ऐकली होती. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.