कादंब, मुद्दाम हललेले

कलावंत जातो तेव्हा त्याच्या शहरात काहीतरी कायमचं थांबतं, असं श्रद्धांजलीच्या सभांत म्हणतात. गुणवंत फोटोवाला गेला त्या सकाळी अकोल्याच्या जुन्या शहरात काहीच थांबलं नाही. वहिनींचा फोन आल्यावर मी अमरावतीहून मिळेल त्या एसटीनं निघालो. पोचलो तेव्हा त्याच्या स्टुडिओसमोर हरभऱ्याच्या घाट्यांची हातगाडी नेहमीसारखी लागली होती आणि एक माणूस बंद शटरवर थापा मारत होता. त्याला त्याच दिवशी पासपोर्ट साइज फोटो हवे होते. गुणवंत गेला हे सांगितल्यावर तो हळहळला, दोन मिनिटं मान खाली घालून उभा राहिला, आणि मग जवळपास दुसरा फोटोवाला कुठे आहे ते त्यानं मलाच विचारलं. मी सांगितलं.

आमची ओळखही अशाच एका फोटोतून झाली होती. चाळीसेक वर्षांपूर्वी मास्तरकीच्या अर्जासाठी मी त्याच्या स्टुलावर जाऊन बसलो. “मान सरळ. हालू नोको. श्वास घेऊ नोको,” असं फर्मान काढून तो दिवे सरकवत बसला. मी इमानदारीनं श्वास रोखून धरलेला. बऱ्याच वेळानं त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. “घे ना बे आता, नाई तं नोकरी लागाच्या आधीच जाशीन!” फोटोत मी फरारी आरोपी दिसत होतो, तरी नोकरी लागली. तेव्हापासून त्याच्यासाठी मी मास्तर झालो. सारं जुनं शहर त्यानं असंच स्टुलावर बसवून थांबवलं होतं... परीक्षेच्या फॉर्मवाली पोरं, स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मुली, पेन्शनीत निघालेले कारकून. हलायची परवानगी कोणालाच नव्हती.

साठीच्या आसपास त्याला पक्ष्यांचा नाद लागला. अकोल्याबाहेरच्या एका तळ्यावर हिवाळ्यात पट्टकादंब येतात. राखी रंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे मोठे हंस हिमालय ओलांडून येतात, आणि एवढं करून आल्यावर आमच्याकडच्या शेतांत शिरून हरभरा खातात. सकाळी थव्यानं पाण्यावरून उठतात आणि उन्हं चढली की परत येतात. तळ्यावरचे गुराखी त्यांना सरळ बदक म्हणतात. गुणवंतनं पहिल्या हिवाळ्यातले फोटो माझ्यासमोर मांडले तेव्हा मला फक्त राखी फराटे दिसले, आणि एका फराट्यात कुठेतरी चोच असावी असा संशय आला.

“हलले रे हे,” मी म्हणालो.

“हालले नाई. हालवले.”

मग त्यानं रिकाम्या हातांनीच करून दाखवलं. थवा समोरून निघाला की कॅमेरा त्याच्याच वेगानं त्याच्यासोबत फिरवायचा आणि शटर नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडं ठेवायचं. जमलं तर डोकं जरा स्पष्ट येतं, पंख मात्र वाहत जातात. “उडता पक्षी थांबवला, मास्तर, तं तो पक्षी नाई राह्यत. आधार कार्ड होते त्याचं.” मी स्वभावानं शंकेखोर. म्हटलं, म्हणजे ज्याचा फोटो बिघडला तो कलावंत! त्यानंतर आठ दिवस त्यानं फोन उचलला नाही. नवव्या दिवशी भेटलो तेव्हा प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं एक शब्द लिहिलेला होता... मुद्दाम.

तीन हिवाळे असे गेले. चौथ्यात त्याच्या हातातली कपबशी वाजायला लागली. डॉक्टरांनी कंपवाताचं नाव घेतलं. आम्ही दोघांनी ते पुन्हा घेतलं नाही, चहा मात्र तो पेल्यातून प्यायला लागला. त्याच वर्षी अमरावतीत काही उत्साही मंडळींनी त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. भिंतीवरचे सगळे फोटो हात धड असतानाचे. उद्घाटनाला एक माजी पदाधिकारी होते. ते शाल, नारळ आणि गहिवर अशा तयारीनं आले होते. त्यांनी माइक धरून सांगितलं, की हात थरथरत असतानाही या माणसानं कॅमेरा सोडला नाही, फोटो हलले पण जिद्द हलली नाही! सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. गुणवंत शाल सावरत खाली उतरला आणि माझ्या कानाशी म्हणाला, “टाळ्या माह्या हाताले पडल्या मास्तर, फोटोले नाई.”

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच फोटो उतरवले. एसटीत चढताना म्हणाला, “तू पेपरात लिहितं ना? एक डाव लिहिजो. हे मुद्दाम हाये म्हणावं.”

लिहितो म्हणालो आणि लिहिलं नाही. गडबडीत राहिलं, असं मी त्याला सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं. सभागृहात मीही उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि कशाला वाजवल्या ते मला नक्की ठाऊक नव्हतं. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. फोटो दाखवणंही बंद केलं.

या जानेवारीत मात्र त्यानं मला तळ्यावर नेलं. कॅमेरा आता त्याला पेलत नव्हता आणि स्टँडवर मनासारखा फिरत नव्हता. त्यानं मला काठावर मांडी घालून बसवलं, स्वतः मागे बसला आणि लेन्स माझ्या खांद्यावर टेकवली. त्याच्या हाताची थरथर माझ्या हाडात उतरत होती. “हालू नोको. श्वास घेऊ नोको.” मी पुन्हा इमानदारीनं रोखला. थवा उठला तो आमच्याच दिशेनं, भोंगे वाजवत, इतका खाली की पंखांचा आवाज वेगळा ऐकू यावा. इतकी वर्षं मी ते पक्षी त्याच्या फराट्यांतच पाहिले होते... माझी मान आपोआप वर गेली आणि श्वास सुटला. कानाशी शटर वाजलं.

“आला का?” मी विचारलं.

“पाहू,” म्हणाला, आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

पुढच्या महिन्यात तो गेला. तेरवीनंतर वहिनींनी एक पाकीट हातात दिलं. “तुमच्या नावाचं हाये भाऊजी. चष्म्याच्या खणात ठेवलं होतं त्यायनं.” आत त्या सकाळचा फोटो होता. आभाळ एका बाजूला कललेलं, सगळा थवा ओल्या शाईसारखा वाहत गेलेला, आणि मधोमध एकाच पक्ष्याचं डोकं, दोन काळ्या पट्ट्यांसकट. त्यानं काढलेला सगळ्यात चांगला फोटो तोच, याबद्दल मला पहिल्यांदाच कसलीही शंका आली नाही. मी तो उलटा केला. मागे पेन्सिलीची वाकडीतिकडी अक्षरं होती.

“हे मुद्दाम नाई. मास्तर हालला.”

तेव्हा उशिरा का होईना, लिहितो. गुणवंतचे सगळे फोटो त्यानं मुद्दाम हलवलेले आहेत, त्यांत त्याच्या आजाराचा काही वाटा नाही. एक फोटो चुकून हलला आहे, आणि ती चूक माझी आहे.

तो मी चौकटीत घालून बैठकीत लावला. आमच्या त्या भिंतीला खिळा एकच आहे आणि त्यावर कॅलेंडर होतं. ते आता स्वयंपाकघराच्या दारामागे गेलं आहे. पहिल्याच महिन्यात हिची चतुर्थी चुकली.